माल अव्वल, पण पाटी कोणाची?

पेठेत बसणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न कधी ना कधी सतावतो. आपला माल शेजाऱ्याच्या मालापेक्षा सरस, किंमतही वाजवी, तरी गिऱ्हाईक शेजाऱ्याच्याच पायऱ्या का चढते? काही जण नशिबाला बोल लावून मोकळे होतात, काही जण गिऱ्हाइकाला अडाणी ठरवतात. आमच्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत हे समजावे म्हणून आज आम्ही एका मोटारीची हकीकत सांगणार आहोत. मोटार जर्मनीची आहे आणि तिची किंमत आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे. परंतु तिच्या कारखानदाराची जी फसगत झाली ती भिवंडीचा कापडवाला, धारावीचा चामड्याचा कारागीर किंवा गल्लीतला फर्निचरवाला यांचीही होऊ शकते.

लोकांची गाडी, साहेबांची गाडी

फोक्सवॅगन या जर्मन नावाचा अर्थच मुळी ‘लोकांची गाडी’ असा आहे. या कंपनीच्या बीटल या छोट्या गाडीचे २००३ पर्यंत दोन कोटींहून अधिक नग तयार झाले. साधी, टिकाऊ, मध्यमवर्गाला परवडणारी गाडी बनवणारी कंपनी म्हणून तिने जगभर नाव कमावले.

१९९३ ते २००२ या काळात फर्डिनांड पिएश हे कंपनीचे प्रमुख होते. ते स्वतः नामांकित अभियंते. मर्सिडीझ आणि बीएमडब्ल्यू यांच्या सर्वांत महागड्या गाड्यांच्या तोडीची गाडी आपणही बनवायची, असे त्यांनी मनावर घेतले. बाहेर ५० अंश तापमान असताना गाडी दिवसभर ताशी ३०० किलोमीटर वेगाने धावली तरी आतली हवा २२ अंशांवरच राहिली पाहिजे, अशी त्यांची एक अट असल्याचे सांगतात.

२००२ मध्ये ही गाडी बाजारात आली. नाव फेटन. आपल्याकडे जुन्या काळी मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ‘फिटन’ नावाची घोडागाडी धावत असे. हा त्याच शब्दाचा सख्खा भाऊ.

गाडीसाठी ड्रेस्डेन शहरात काचेच्या भिंतींचा कारखाना बांधला गेला. त्यावर सुमारे १८ कोटी युरो खर्च झाले. कारखान्यात मेपलच्या लाकडाची जमीन होती. सुटे भाग मालवाहू ट्रामने शहरातून कारखान्यात येत. गिऱ्हाइकाने येऊन आपली गाडी तयार होताना पाहावी अशीही सोय होती. चारही बैठकांना हवेचा वेगवेगळा बंदोबस्त, आणि हवेची भोके नको असतील तेव्हा झाकणाऱ्या लाकडी पट्ट्या! वरच्या दर्जाच्या गाडीला बारा सिलिंडरचे इंजिन होते. ज्यांनी गाडी चालवली त्यांपैकी फार थोड्यांनी कारागिरीला नावे ठेवली. ही गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी, कारण सगळा धडा तिच्यातच आहे.

हिशेब काय सांगतो?

कारखाना वर्षाला २० हजार गाड्यांचा. परंतु सर्वांत चांगल्या वर्षीही मजल अकरा हजारांच्या आसपासच गेली. अमेरिका ही महागड्या गाड्यांची मोठी पेठ. तिथे सुरुवातीची किंमत ६५ हजार डॉलरच्या घरात ठेवली होती. २००४ मध्ये तिथे दोन हजारांहून कमी गाड्या खपल्या, पुढच्या वर्षी हजारही नाहीत. २००६ मध्ये कंपनीने अमेरिकेतून गाडी काढून घेतली. चीनमध्ये आणि खुद्द जर्मनीत ती त्यातल्या त्यात बरी चालली. अखेर मार्च २०१६ मध्ये उत्पादन थांबले. सुमारे चौदा वर्षांत एकूण ८४ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. बर्नस्टीन या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये काढलेल्या अंदाजाप्रमाणे एकेका गाडीमागे कंपनीला सुमारे २८ हजार युरोंचा तोटा सोसावा लागत होता.

गिऱ्हाईक मागे का फिरले?

पहिले कारण पाटीचे. एवढे पैसे मोजणारा माणूस फक्त इंजिन आणि चामड्याच्या बैठका विकत घेत नाही. तो समाजातली आपली जागाही विकत घेतो. ही गोष्ट चांगली की वाईट हा प्रश्न वेगळा. बाजारात ती आहे. फेटन दिसायला त्याच कंपनीच्या पसाट या मध्यम किमतीच्या गाडीसारखी दिसे. तिपटीचे पैसे मोजूनही शेजारी ‘पसाट घेतलीत वाटते’ म्हणणार असेल, तर हौशी गिऱ्हाईक थबकणारच. दिखावा नको, पण आराम हवा असे म्हणणारे काही सधन लोक या गाडीवर खूश होते. परंतु अशा लोकांच्या संख्येवर २० हजारांचा कारखाना चालत नाही.

दुसरे कारण दुकानाचे. अमेरिकेत ही गाडी घ्यायची तर फोक्सवॅगनच्याच नेहमीच्या दुकानात जावे लागे. तिथे छोट्या गाड्या घेणाऱ्यांची गर्दी आणि दुरुस्तीची रांगही सर्वांना एकच. महाग माल घेणाऱ्याची सेवेकडून वेगळी अपेक्षा असते.

तिसरे कारण पुन्हा विकताना मिळणाऱ्या किमतीचे. श्रीमंत माणूसही हिशेब करतोच. जुन्या बाजारात फेटनची किंमत झपाट्याने उतरे. एकदा ही गोष्ट पसरली की नवी गाडी विकणे आणखी अवघड होते.

चौथे कारण घरातलेच. याच कंपनीच्या कुटुंबात ऑडी होती आणि तिची ए-आठ ही आलिशान गाडी आधीपासून नावाजलेली होती. म्हणजे एका भावाने दुसऱ्याच्या दुकानासमोर दुकान थाटले.

आता खरी गंमत पाहा. इंग्लंडची बेंटली ही जुनी कंपनी फोक्सवॅगनने १९९८ मध्ये घेतली होती. फेटनच्याच सांगाड्याच्या पायावर २००३ मध्ये बेंटलीची कॉन्टिनेन्टल गाडी आली. पुढे तिच्या चार दारांच्या भावंडाच्या काही गाड्या तर ड्रेस्डेनच्याच काचेच्या कारखान्यात जुळवल्या गेल्या. किंमत फेटनपेक्षा कितीतरी जास्त, तरी लोक रांगा लावून घेऊ लागले. वर्षाला हजारभर गाड्या कशाबशा विकणारी बेंटली २००७ मध्ये दहा हजारांवर गेली. पाया तोच आणि मालकही तोच, पण पाटी बदलली आणि गिऱ्हाईक आले.

जपान्यांनी काय केले?

जपानच्या टोयोटापुढेही हाच पेच होता. १९८३ मध्ये त्यांनी जगातल्या उत्तम गाडीच्या तोडीची गाडी बनवण्याचे काम हाती घेतले. अमेरिकेत टोयोटा म्हणजे काटकसरी माणसाची गाडी, हे ते ओळखून होते. म्हणून १९८९ मध्ये त्यांनी तिथे लेक्सस हे नवे नाव आणि दुकानेही वेगळी काढली. किंमत जर्मन गाड्यांपेक्षा बरीच कमी ठेवली. थोड्याच महिन्यांत काही दोष निघाल्यावर सुमारे आठ हजार गाड्या परत मागवाव्या लागल्या. तेव्हा कंपनीच्या माणसांनी अनेक गिऱ्हाइकांच्या घरून गाडी नेली, दुरुस्त केली, धुऊन, टाकी भरून परत केली. बदनामीची वेळ होती. तीच नावलौकिकाची झाली. मात्र खुद्द जपानात तीच गाडी टोयोटाच्याच नावाने विकली जात होती, कारण तिथे टोयोटाच्या मोठ्या गाड्यांना आधीपासून मान होता. म्हणजे पत ही पेठेपेठेला वेगळी असते.

आपल्या देशातला दाखला

भारतात मारुतीची गाडी म्हणजे कुटुंबाची, कमी पेट्रोल पिणारी, गावोगाव दुरुस्त होणारी गाडी. त्याच कंपनीने फेब्रुवारी २०११ मध्ये किझाशी ही जपानहून आयात केलेली गाडी आणली. किंमत १६ लाखांच्या वर. गाडी चालवायला उत्तम होती, पण इंजिन फक्त पेट्रोलचे. त्या काळात पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावात मोठी तफावत होती. ‘एवढ्या पैशांत मारुती?’ हा प्रश्न दुकानाच्या दारातच उभा राहिला. विक्री अगदी तुरळक झाली आणि काही वर्षांतच गाडी दिसेनाशी झाली. पुढे २०१५ मध्ये मारुतीने वरच्या किमतीच्या गाड्यांसाठी नेक्सा नावाची वेगळी दुकाने काढली. फोक्सवॅगनचाही चाकणला कारखाना आहे, पण तिथून तिने नाव मिळवले ते मुख्यतः पोलोसारख्या छोट्या गाडीवर.

आपण काय घ्यावे?

समजा, एखादा कारागीर वीस वर्षे ८०० रुपयांच्या चपला विकतो आहे. त्याच्या हातात कसब आहे आणि तो ४००० रुपयांचा उत्तम बूट बनवू शकतो. त्याने बनवू नये असे आम्ही म्हणत नाही. कसब वाढवणे हाच कारागिराचा नफा. परंतु त्याच फळीवर, त्याच पाटीखाली, चपलांच्या ढिगाशेजारी तो बूट ठेवला तर गिऱ्हाईक म्हणेल, ‘यांच्याकडे तर ८०० ची वस्तू मिळते, हे ४००० कशाचे मागतात?’ शिवाय जुने गिऱ्हाईकही बिचकेल, की हे दुकान आता आपले राहिले नाही.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. एकदम पाचपट उडी घेऊ नये. ८०० वरून १२०० वर, तिथून १८०० वर जावे आणि प्रत्येक पायरीवर गिऱ्हाईक टिकते का ते पाहावे. उडीच घ्यायची तर नाव वेगळे, जागा वेगळी, निदान काउंटर तरी वेगळे ठेवावे. पहिले काही नग ऑर्डर घेऊनच बनवावेत. विकलेल्या मालाच्या दुरुस्तीची हमी द्यावी आणि ती पाळावी. महाग मालाचे नाव दुरुस्तीच्या दिवशी ठरते. स्वतःचे नाव अजून नसेल तर नाव असलेल्या दुकानाला माल पुरवावा आणि दरम्यान भांडवल जमवावे.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. फोक्सवॅगनने चौदा वर्षे तोटा सोसला, कारण तिच्या पाठीशी लाखो छोट्या गाड्यांची विक्री होती. आपल्यामागे काय असते? घरातले दागिने, पतपेढीचे कर्ज, भावाकडून उसने आणलेले पैसे. मोठ्या कारखानदाराची चूक पुस्तकात लिहिली जाते, छोट्याची चूक त्याच्या मुलांना फेडावी लागते.

तेव्हा माल अव्वल बनवावाच. पण तो बाजारात मांडण्याआधी आपल्या पाटीकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने एकदा पाहावे. वर्षानुवर्षांच्या व्यवहाराने त्या पाटीवर जी किंमत लिहिली गेली आहे, ती पुसायलाही तितकाच धीर लागतो.