नवा संगणक, जुना परवाना आणि पेशंटच्या नोंदी

भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर किंवा मिरा रोडच्या शांतीनगरमध्ये असतो तसा एखादा छोटा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. बाहेर चार खुर्च्या, आत डॉक्टरांचे टेबल आणि टेबलावर आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक. कोणाची साखर कधी किती होती, कोणाला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, कोणत्या बाळाची कोणती लस राहिली आहे, हे सारे त्यातल्या एका सॉफ्टवेअरमध्ये. एक दिवस दुरुस्तीवाला सांगतो, "डॉक्टरसाहेब, विंडोज १० आता संपलं, ११ टाकून घ्या." दुपारच्या सुट्टीत तो हार्ड डिस्क फॉरमॅट करतो आणि नवी प्रणाली टाकून जातो. नोंदींची फाइल त्याने पेन ड्राइव्हवर घेतलेली असते. पण संध्याकाळी पहिला पेशंट समोर बसतो आणि पडद्यावर चौकट येते: 'परवाना सापडला नाही. अ‍ॅक्टिव्हेशन कोड टाका.' कोड लिहिलेला कागद कुठे आहे ते कोणालाच आठवत नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा नंबर बदललेला असतो. नोंदी जागेवर असतात, पण त्या उघडता येत नाहीत.

असा प्रसंग टाळता येतो. त्यासाठी सॉफ्टवेअरचा परवाना नेमका कशाला बांधलेला असतो, हे कळायला हवे.

आताच घाई का?

जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टने दिलेली मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत; पण त्यानंतर सापडणारी भोके बुजवली जाणार नाहीत. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना आहे, मात्र तिच्यात नाव नोंदवावे लागते. विंडोज ११ साठी संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१८ नंतरच्या पिढीचा असावा लागतो. त्यामुळे अनेकांपुढे केवळ प्रणाली नव्हे, तर अख्खा संगणक बदलण्याचा प्रश्न आहे. मिरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर होती. दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, सोनोग्राफी केंद्रे, करसल्लागार, डीटीपीची दुकाने, स्टीलच्या भांड्यांचे गाळे अशा लहान व्यवसायांच्या या शहरात संगणकाचा वेगळा विभाग कोणाकडे नसतो. सारी भिस्त ओळखीच्या दुरुस्तीवाल्यावर.

'चालतंय ना, मग राहू दे' हा पर्यायही सुरक्षित नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत त्या आठवड्यात सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या असाव्यात, असा तिथला अधिकृत अंदाज आहे. ज्या त्रुटीतून विषाणू शिरला, तिची दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती. संगणकांवर ती टाकलेली नव्हती. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' या विषाणूमुळे उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. विंडोज १० वर राहिलेल्या आणि वाढीव योजनेत नाव न नोंदवलेल्या संगणकाला तर यापुढे दुरुस्ती मिळणारच नाही.

पंचवीस अक्षरांची किल्ली

विंडोजची 'प्रॉडक्ट की' पंचवीस अक्षरांची असते. त्यात शून्य आणि इंग्रजी 'ओ', एक आणि 'आय' अशी घोटाळ्याची चिन्हे मुद्दाम टाळलेली असतात. पूर्वी ही किल्ली टाकली की काम होई. एकच सीडी गल्लीभर फिरे. २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर घरगुती ग्राहकांसाठी अ‍ॅक्टिव्हेशन आले आणि किल्ली एका विशिष्ट यंत्राशी जोडली जाऊ लागली.

ही जोडणी अशी होते. सॉफ्टवेअर संगणकातल्या भागांची ओळख गोळा करते. एक्सपीमध्ये प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, मेमरी असे दहा घटक पाहिले जात. या माहितीवर गणिती प्रक्रिया करून एक आकडा काढला जातो, त्याला 'हॅश' म्हणतात. मिक्सरमध्ये खोबरे, मिरची, कोथिंबीर वाटून चटणी केली की त्यातून मिरची पुन्हा वेगळी काढता येत नाही, तसे हॅशवरून मूळ माहिती परत मिळवता येत नाही. पण तेच जिन्नस त्याच प्रमाणात घेतले की हॅश मात्र दर वेळी तोच येतो. किल्ली आणि हा आकडा कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. तो किल्ली खरी आहे का, ती आधी दुसऱ्या यंत्रावर वापरली आहे का, हे तपासतो आणि मंजुरीवर डिजिटल सही करून ती परत पाठवतो. ही सही नकली करणे गणिताने जवळपास अशक्य केलेले असते. पुढे सॉफ्टवेअर सहीतला आकडा आणि समोरचे यंत्र जुळते का, हे पाहत राहते. मेमरी वाढवली, डिस्क बदलली, एवढे खपवून घेतले जाते. मदरबोर्ड बदलला की बहुधा ते यंत्र नवे मानले जाते.

विंडोज १० पासून यात एक सोय झाली. मंजुरीची नोंद 'डिजिटल परवाना' म्हणून सर्व्हरवरच राहते. त्यामुळे त्याच संगणकावर विंडोज १० वरून ११ वर जाताना किल्ली विचारली जात नाही आणि पात्र संगणकाला पैसेही पडत नाहीत. फक्त आवृत्ती तीच हवी: 'होम'चा परवाना 'प्रो'ला चालत नाही. संगणकच नवा घेतला तर? जुन्या संगणकाबरोबर कारखान्यातून आलेला परवाना त्या यंत्राबरोबरच राहतो. दुकानातून सुटा विकत घेतलेला परवाना जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो.

मग दवाखान्याचे सॉफ्टवेअर का अडले?

कारण त्याचा परवाना वेगळा आहे. विंडोजचे अ‍ॅक्टिव्हेशन झाले म्हणजे आतल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचे झाले असे नाही. अनेक सॉफ्टवेअर आपली मंजुरी हार्ड डिस्कवर एखाद्या आडबाजूच्या फाइलमध्ये ठेवतात. जुन्या प्रणालीवरच नवी चढवली, म्हणजे 'अपग्रेड' केले, तर ती फाइल बहुधा टिकते. फॉरमॅट केले की पुसली जाते. शिवाय नवी प्रणाली स्वतःचे नवे ओळखक्रमांक तयार करते आणि त्यांवर विसंबणाऱ्या सॉफ्टवेअरला तेच यंत्र परके वाटते. परवाना एकाच संगणकाचा असेल, तर विक्रेत्याच्या सर्व्हरवर ती जागा अजून 'जुन्या' संगणकाने अडवलेली असते. म्हणून फॉरमॅट करण्याआधी सॉफ्टवेअर 'डीअ‍ॅक्टिव्हेट' करायचे असते. घर बदलताना आधीच्या घराची किल्ली मालकाला परत करावी, तसे हे आहे. घर पाडल्यावर किल्ली परत करता येत नाही.

दुसरी अडचण डाँगलची. मराठी डीटीपी, हिशेब, प्रयोगशाळा यांची बरीच जुनी पॅकेजेस संगणकाच्या मागे लावायच्या छोट्या कुलपावर चालतात. सर्वांत जुनी कुलपे प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागत. तो पोर्ट आता नव्या संगणकांत सहसा मिळत नाही. यूएसबी डाँगलला ओळखण्यासाठी ड्रायव्हर लागतो. विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती होती, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. त्यावर ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत आणि १६ बिटच्या काळातले प्रोग्रॅम तर सुरूच होत नाहीत. अशा वेळी परवाना खरा, डाँगल शाबूत, तरीही दार उघडत नाही.

येथे काही जण 'क्रॅक'चा मार्ग सुचवतात. फुकट अ‍ॅक्टिव्हेशन करून देणारी ही साधने चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सारे आले. ज्या संगणकात शेकडो माणसांच्या आजारांची माहिती आहे, त्याचे दार आपल्याच हाताने उघडून देण्यासारखे हे आहे. शिवाय चोरीची प्रत आहे हे माहीत असूनही ती वापरणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बीखाली तुरुंगवास होऊ शकणारा गुन्हा आहे. त्याच कायद्याने कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला तिची बॅकअप प्रत करून ठेवण्याची मुभाही दिली आहे. ती वापरावी.

नोंदी पेशंटच्या आहेत

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यायची असतात. सोनोग्राफीच्या नोंदी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. 'सॉफ्टवेअर उघडत नाही' ही सबब या नियमांत नाही.

म्हणून नोंदी कोणत्या स्वरूपात आहेत, याला महत्त्व येते. सोनोग्राफी, सीटी, एमआरआयची चित्रे साधारणपणे 'डायकॉम' या खुल्या मानकात साठवता येतात. १९९३ पासून या नावाने चालत आलेल्या या मानकातले चित्र एका कंपनीच्या यंत्रावर काढून दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पाहता येते. मराठी अक्षरांनीही हाच प्रवास केला आहे. जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर तो फाँट नसेल तर भलत्याच चिन्हांत दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा फाँट तर र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराने घडवलेला आहे. युनिकोडमध्ये लिहिलेले नाव संगणक बदलला तरी वाचता येते.

फॉरमॅटच्या आधी

संगणक दुरुस्तीवाल्याच्या हाती देण्यापूर्वी एक वही घ्यावी. संगणकातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, परवाना क्रमांक, बिलाची तारीख आणि विक्रेत्याचा सध्याचा नंबर तीत लिहावा. विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'अ‍ॅक्टिव्हेशन'चे पान उघडून परवाना डिजिटल आहे का आणि खात्याशी जोडलेला आहे का, ते पाहावे. त्या खात्याचा पासवर्ड डॉक्टरांकडे असावा, दुरुस्तीवाल्याकडे नव्हे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की त्याच वहीत उतरवावी आणि वही संगणकापासून दूर ठेवावी.

मग विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: हे सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालते का, परवाना हलवायला काय करावे लागेल आणि डाँगलचा नवा ड्रायव्हर आहे का. नोंदी दोन वेगळ्या ठिकाणी घ्याव्यात. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलशिवाय एक प्रत एक्सेल किंवा पीडीएफसारख्या कुठेही उघडणाऱ्या स्वरूपातही असावी. ती दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. सगळे झाल्यावर सॉफ्टवेअर डीअ‍ॅक्टिव्हेट करावे. शक्य असल्यास जुना संगणक किंवा निदान त्याची डिस्क महिनाभर तशीच ठेवावी. विक्रेताच उरला नसेल, तर जुना संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त जुन्या नोंदी पाहण्यासाठी ठेवता येतो आणि नव्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये सुरू करता येतात.

पेशंटनेही एक गोष्ट करावी. आपले रिपोर्ट, औषधांची यादी आणि अ‍ॅलर्जीची नोंद स्वतःच्या फाइलमध्ये ठेवावी. एखाद्या संध्याकाळी डॉक्टरांच्या पडद्यावर ती चौकट आलीच, तर पेनिसिलिन चालत नाही हे सांगणारा एक कागद पिशवीत असलेला बरा.