ड्रममधला नाथसागर

छोटा हत्ती टेम्पो बोळात मागं मागं येतो आणि गॅरेजसमोर थांबतो. फाळका पडतो. आत भाजीचे क्रेट नाहीत. गोणपाटात गुंडाळलेलं, उभं केलं तर माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं काहीतरी आडवं ठेवलंय आणि त्याच्या एका टोकाला तीन पात्यांचा पंखा आहे.

"होडीचं मशीन हाय," पंचविशीतला पोरगा खाली उतरत सांगतो. "पैठणकडून आलो."

मे महिन्याची सकाळ, साडेनऊची वेळ. औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईमागच्या या बोळात पत्रे आतापासूनच तापू लागलेत. माझ्या चेतकचा क्लच बसेपर्यंत मी बाकावर बसलोय. मिस्त्री माझी स्कूटर तशीच सोडून उठतात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. माझं काम तासाभराचं आहे. समोरच्या पोराचं कुटुंब त्या गोणपाटात आहे.

पोराच्या मागून त्याचे वडील उतरतात. त्यांना तो अण्णा म्हणतो. अण्णा कुणाला हात लावू देत नाहीत. गोणपाटाच्या गाठी स्वतः सोडतात. कव्हरावरचं कंपनीचं नाव उन्हानं पुसून गेलंय. आठ हॉर्सपॉवर, दोन सिलेंडर, बावीस वर्षं जुनं. गावातल्या बाकीच्यांच्या होड्या वल्ह्यावर चालतात, म्हणून लांबच्या जाळ्यांवरची मासळी हेच मशीन ओढून काठाला आणतं.

स्कूटरच्या मिस्त्रीकडे होडीचं इंजिन कसं, असा प्रश्न बाहेरगावच्या माणसाला पडेल. या शहरात तो पडत नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि टू-स्ट्रोक इंजिन इथल्या गल्लीबोळाच्या हाताखालून गेलं. रिंग, पिस्टन, कार्बोरेटर, लिटरमागं वीस मिली ऑइल: होडीच्या या इंजिनाचं डोकं चेतकच्याच जातीचं आहे. फरक इतकाच, की एका सिलेंडरच्या जागी दोन आहेत आणि ते हवेनं नाही, पाण्यानं गार होतात. ते पाणी इंजिन स्वतःच खालून ओढून घेतं.

मिस्त्री लाकडी घोडीवर मशीन उभं करतात. दोन्ही प्लग काढतात, एका भोकात कॉम्प्रेशन गेज बसवतात आणि पोराला दोरी ओढायला लावतात. पाच झटके. काटा १०५ वर. दुसरा सिलेंडर, पुन्हा पाच झटके. १००.

"बघा," मिस्त्री गेज अण्णांच्या डोळ्यांसमोर धरतात. "दोघं भाऊ सारखेच हाईत. एक नव्वद आन् एक साठ असता तर मी हात लावला नसता."

अण्णांच्या चेहऱ्यावर हसू येतं. कोकणातल्या खाडीत बावीस वर्षं काढलेल्या इंजिनाची खाऱ्या पाण्यानं चाळण झाली असती. हे गोदावरीच्या गोड पाण्यात राहिलंय. ॲल्युमिनियम अजून शाबूत आहे.

मग मिस्त्री खाली बसतात. पंख्याजवळच्या गिअरच्या डब्याचा स्क्रू सोडतात. गिअरचं तेल भांड्यात उतरतं आणि कुणी काही बोलत नाही. तेल चहासारखं आहे, दूध घातलेल्या चहासारखं. सील फुटून आत पाणी शिरलंय. मिस्त्री तेलात बोट फिरवतात आणि बोटाला लागलेला लोखंडाचा कण उजेडात धरतात. पंखा हातानं फिरवतात. तो डुगडुगतो. शाफ्ट वाकलाय.

"कशावर आपटलं?"

"जोत्यावर," अण्णा म्हणतात.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटतं तशी बुडालेली जुनी गावठाणं वर यायला लागतात. ती पूर्ण उघडी पडली की दिसतात, चुकवता येतात. वर हातभर पाणी असतं तेव्हाच ती होडीला घातक. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात उठलेल्या घरांपैकी एकाचं दगडी जोतं गेल्या आठवड्यात या पंख्याला लागलं. कुणाचं घर, ते अण्णांना माहीत आहे. त्यांच्या चुलत्याचं.

"मी म्हणायलो नवंच घेऊ," पोरगा मिस्त्रींकडे वळतो. "फोर-स्ट्रोक. पेट्रोल कमी खातं, ऑइल मिसळायची भानगड नाही. पण दोन लाखाच्या घरात जातंय."

"आन् हे काय भंगारात घालू?" अण्णा.

"दुरुस्तीला चाळीस हजार गेले आन् पुन्हा बंद पडलं तर?"

हिशेब दोघांचाही खरा आहे. पण ऐकता ऐकता मला वाटतं, पैशाचा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, हे बंद पडलं तर कुठं पडेल? माझी चेतक क्रांती चौकात बंद पडली तर मी ढकलत आणीन. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पंचावन्न किलोमीटर लांब आहे आणि रुंदीला सत्तावीसपर्यंत जातो. उथळ पाणी, वर मोकळं माळरान. दुपारनंतर वारा सुटला की लाटा उठतात. तिथं ढकलायला जमीन नसते.

मिस्त्री बहुधा हेच मनात धरून बोलतात. "वरचं मी करतो. हेडपॅकिंग, कार्बोरेटर, सगळं. खालचा पाय जुन्या मालावर नाही करणार. लेथवाला शाफ्ट सरळ करून देईल, दाताला वेल्डिंग मारून देईल. दोन महिने चालंल. मी देणार नाही."

अण्णांना एकदा ते चालू बघायचंय. न्यूट्रलमध्ये टाकलं तर गिअरवर जोर येत नाही, पण पाण्याशिवाय चालवलं तर आतला रबरी इम्पेलर मिनिटभरात जळेल. दोनशे लिटरचा ड्रम लागतो. गॅरेजचा ड्रम अर्धा आहे. समोरच्या घरातल्या काकू आधी नाही म्हणतात. नळाला पाणी येऊन चार दिवस झालेत, पुढचं कधी येईल त्याचा भरवसा नाही. मग अण्णांकडे बघतात आणि बादल्या द्यायला लागतात. एक, दोन, सात, आठ. पंखा बुडतो, त्याच्या वरची आडवी पाटी बुडते.

अण्णा स्वतः दोरी ओढतात. तिसऱ्या झटक्याला इंजिन पेटतं. निळा धूर, ड्रममध्ये बुडबुडे, पत्र्याच्या भिंतींवरून परत येणारा तो ओळखीचा टू-स्ट्रोकचा आवाज. मंडईतून दोन पोरं धावत येतात. अण्णा डोळे मिटून ऐकतायत. पोरगा मात्र कव्हराखालच्या छोट्या भोकाकडे बघतोय. तिथून पाण्याची जोरदार धार यायला हवी, म्हणजे डोकं गार होतंय असं समजायचं. धार येते, पण ढिली, तुटत तुटत. मिस्त्री इंजिन बंद करतात.

पाणी शांत होतं आणि त्यावर तवंग दिसतो. निळा, जांभळा, पिवळा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, आणि जे जळत नाही ते होडीच्या इंजिनात धुराबरोबर पाण्यात उतरतं.

काकू रिकामी बादली घेऊन वाकून बघतात. "अगं बाई. धरणातपण असंच होतं का?"

उत्तर सगळ्यांना माहीत आहे. या शहराचं पिण्याचं पाणी जायकवाडीतूनच येतं, जलवाहिन्यांतून, पैठण रस्त्यानं; म्हणजे हे मशीन आज आलं त्याच रस्त्यानं. काकूंनी दिलेल्या बादल्या नाथसागराच्याच होत्या. एका होडीनं एवढ्या पाण्याचं काही बिघडत नाही, हे मलाही कळतं. तरीही माझी नजर ड्रमवरून हटत नाही. अण्णांचीही नाही.

पोरगा मुंबईच्या पार्टवाल्याला फोन लावतो. स्पीकरवर ठेवतो. गिअरचा सेट आहे. सील आहेत. इम्पेलर आहे. शाफ्ट? थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज. या मॉडेलचा शाफ्ट येणं बंद झालंय.

"मग राहू द्या," अण्णा म्हणतात. फोनवरच्या माणसाला म्हणतात, की पोराला, की मशीनला, कळत नाही. ते कव्हर लावतात, दोन्ही बाजूंच्या कड्या दाबून बसवतात, उपरण्यानं पुसतात. "नव्या मशीनसाठी मच्छीमार सोसायटीकडं अर्ज कर. उद्याच."

"आन् तोपर्यंत?"

"वल्ही हाईत की घरी. जाळी जवळ टाकू."

मिस्त्री इंजिनाचं डोकं ठेवून घ्यायला तयार आहेत. कुणाला पार्ट लागले तर विकून पैसे पाठवतील. अण्णा थोडा वेळ विचार करतात आणि मान डोलावतात. पाय वेगळा करायला वीस मिनिटं लागतात. गॅरेजमधला पोरगा ड्रम नालीकडे तिरका करायला जातो, तेवढ्यात अण्णा त्याचा हात धरतात. कोपऱ्यातल्या सुती चिंध्या मागून घेतात, त्या पाण्यावर अलगद पसरतात, तवंग टिपून घेतात आणि पिळून एका जुन्या डब्यात काढतात. परत पसरतात. काकू ओट्यावर बसून बघतायत. मिस्त्री माझ्या स्कूटरकडे येतात, क्लचची तार हातात घेतात, पण त्यांचंही लक्ष तिकडंच आहे.

चौथ्या वेळी चिंधी पाण्यातून वर येते तेव्हा तिच्यावर रंग दिसत नाही. अण्णा आणखी एकदा पसरतात.