कर्जाऊ मोटारीवर तुळशीपत्र

दुसऱ्याच्या मालमत्तेवर परस्पर पुण्य जोडू पाहणाऱ्याला मराठीत हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारा म्हणतात. अमेरिकेत जुन्या मोटारी धर्मादाय संस्थांना देण्याची जी प्रथा रूढ झाली आहे, तिच्या एका कोपऱ्यात ही म्हण जवळजवळ शब्दशः लागू पडते. फरक इतकाच, की तेथे तुळशीपत्र ठेवू पाहणारा मनुष्य बहुधा लबाड नसतो. तो कर्जाच्या हप्त्यांनी गांजलेला असतो.

प्रथा वरकरणी निर्दोष आहे. ‘मोटार चालती असो वा नादुरुस्त, आम्ही ती विनामूल्य उचलून नेऊ, तुम्हाला प्राप्तिकरात सवलत मिळेल आणि गरजूंना मदत होईल,’ अशा आशयाच्या जाहिराती त्या देशात सतत कानांवर पडतात. आपल्याकडे वस्तुरूप देणगीला प्राप्तिकरात वजावट नाही, म्हणून या प्रकाराचे आपल्याला नवल वाटते. अमेरिकेत मात्र तो चांगलाच फोफावला. २००० सालच्या सुमारे ७ लाख ३३ हजार विवरणपत्रांत मोटारींच्या दानाबद्दल वजावट मागण्यात आली व त्यामुळे करदात्यांचा सुमारे ६५ कोटी ४० लाख डॉलर कर वाचला, असा अंदाज अमेरिकी संसदेच्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने २००३ साली दिला. याच कार्यालयाने ५४ मोटारींचा माग काढला. त्यांतील दोनतृतीयांश मोटारींच्या बाबतीत दात्याने सांगितलेल्या किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती. उरलेले पैसे कोठे गेले? काही दलाली, वाहतूक आणि लिलावाच्या खर्चात विरले. पण बरेचसे मुळात दात्याच्या कल्पनेबाहेर कोठे अस्तित्वातच नव्हते.

हप्ते थकलेल्या माणसाच्या मनात या दानाचा विचार का यावा, हे समजणे कठीण नाही. समजा, एका कामगाराच्या डोक्यावर मोटारीचे १५ हजार डॉलर कर्ज उरले आहे आणि बाजारात त्या मोटारीला ९ हजार येतील. नोकरी गेली, तीन हप्ते थकले. आज ना उद्या ती बँकेची माणसे ओढून नेणारच. मग एखाद्या अनाथाश्रमाला देऊन टाकली तर निदान सत्कारणी लागेल व करातही थोडी सूट मिळेल, असे त्याला वाटते. या विचारात भाबडेपणा आहे, पण त्याहून अधिक आब राखण्याची धडपड आहे. मोटार जप्त होणे आणि मोटार दान करणे यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दृष्टीने केवढे तरी अंतर असते.

कायदा मात्र हे अंतर मानत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर सोसायटीचा बोजा चढलेला असावा, तसा तेथील मोटारीच्या मालकीपत्रावर धनकोचा हक्क नोंदलेला असतो. (आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५१ व्या कलमानुसार नोंदणीपुस्तकात अशी नोंद होते आणि धनकोच्या संमतीवाचून वाहन दुसऱ्याच्या नावावर चढत नाही.) तो बोजा उतरल्याशिवाय मोटार निर्वेधपणे कोणालाच देता येत नाही, मग घेणारी संस्था कितीही पुण्यशील असो. बँकेने हिशेबाच्या वहीत ते कर्ज बुडीत म्हणून दाखविले तरी बोजा आपोआप नाहीसा होत नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसते व येथेच ते फसतात. धनकोला चुकविण्याच्या हेतूने तारण परस्पर दुसऱ्याच्या हवाली करणे हा अनेक राज्यांत गुन्हा आहे. तेव्हा अशा दानाचे फळ करसवलतीऐवजी फौजदारी खटल्याच्या रूपाने पदरी पडण्याचा संभव अधिक.

आणि मोटार एकदा ओढून नेल्यावर तर दानाचा प्रश्नच उरत नाही. तेथील युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या नवव्या भागानुसार, हप्ते थकताच धनको न्यायालयाची पायरी न चढता मोटार ताब्यात घेऊ शकतो. अट एवढीच की शांतताभंग होता कामा नये. म्हणून हे काम पुष्कळदा अपरात्री उरकले जाते. विक्री होण्यापूर्वी सर्व देणे व खर्च चुकता करून मोटार सोडवून घेण्याचा हक्क ऋणकोला असतो. पण हप्ता भरायला ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याने संपूर्ण कर्ज एकरकमी फेडावे, ही या हक्कातील मेख आहे. पुढे लिलाव होतो. वर दिलेल्या उदाहरणात लिलावात ७ हजार आले असे मानले, तर मोटार जाऊनही ८ हजार डॉलरांचे देणे उरते. शिवाय ती ओढून नेण्याचा आणि ठेवण्याचा खर्च पुन्हा त्याच्याच माथी. बँकेने उदार होऊन ही तूट सोडून दिली, तर सुटलेली रक्कम सामान्यतः त्याचे उत्पन्न म्हणून करपात्र ठरते. दिवाळखोर अथवा देण्यापेक्षा मालमत्ता कमी असलेल्यांना यातून सूट आहे. परंतु ती मागावी लागते, आणि मागण्यासाठी ती आहे हे माहीत असावे लागते.

दिवाळखोरीच्या कायद्यातील एक बारकावा येथे नोंदण्यासारखा आहे. दिवाळे काढण्यापूर्वीच्या दोन वर्षांत नादार स्थितीत केलेली दाने न्यायालय रद्द करू शकते. चर्चला व इतर धर्मादाय संस्थांना दिलेल्या देणग्या यातून वाचाव्यात म्हणून १९९८ साली खास कायदा झाला. पण त्याचे संरक्षण रोख रकमेला आणि वित्तीय पत्रांना आहे, मोटारीला नाही. अर्थात बोजामुक्त मोटार दान करणाऱ्या नादार माणसाचे दानही या वेढ्यात सापडू शकते.

एवढे करून करसवलत तरी कोणाला मिळते? २००४ च्या कायद्याने अतिरंजित किमतींना चाप लावला. ५०० डॉलरांहून अधिक वजावट हवी असेल, तर सामान्यतः संस्थेला मोटार विकून प्रत्यक्ष जे मिळाले तेवढीच मान्य होते. २०१७ च्या कायद्याने सर्वांना मिळणारी ठोक वजावट जवळजवळ दुप्पट केली. परिणामी दहांतील नऊ करदाते देणग्यांचा तपशील मांडतच नाहीत. ठोक वजावट घेणाऱ्यांनाही २०२६ पासून काही देणग्यांची सूट ठेवली आहे, पण ती रोख देणग्यांपुरती. म्हणजे ज्याला सवलतीची निकड आहे, त्या कामगाराला ती जवळजवळ कधीच मिळत नाही. घरी तिसरी मोटार असलेल्या सुखवस्तू गृहस्थाला ती मिळते. उत्पन्न जितके अधिक, तितके पुण्य स्वस्त, असा हा उफराटा न्याय आहे.

मोटारीच्या दानातून खरे काम होऊच शकत नाही असे नाही. व्हर्माँटमध्ये १९९६ पासून गुड न्यूज गॅरेज आणि मेरीलँडमध्ये १९९९ पासून व्हेइकल्स फॉर चेंज या संस्था दान आलेल्या मोटारी दुरुस्त करून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांपर्यंत पोहोचवीत आल्या आहेत. जेथे बस दुर्मीळ आहे आणि कारखाना वीस मैलांवर, तेथे मोटार ही चैन नसून नोकरीची पूर्वअट आहे, हे या संस्थांनी ओळखले. कायद्यानेही अशा दानाला वेगळे मानले आहे. गरजूला मोटार बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी दरात दिली, तर दात्याला तिच्या पूर्ण रास्त किमतीची वजावट मिळू शकते.

मात्र एका कामगाराला मोटार मिळवून देण्यासाठी समाजाने एवढा खटाटोप करावा आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या दारातून ती एका रात्रीत नाहीशी व्हावी, यातील विसंगतीकडे तेथील धोरणकर्त्यांचे पुरेसे लक्ष नाही. अमेरिकेतील मोटारकर्जांची एकूण रक्कम आज दीड लाख कोटी डॉलरांहून अधिक आहे. विस्कॉन्सिन, आयोवा यांसारख्या काही राज्यांत मोटार नेण्यापूर्वी ऋणकोला नोटीस देऊन थकलेले हप्ते भरण्यास मुदत देणे सक्तीचे आहे. या मुदतीत संपूर्ण कर्ज नव्हे, केवळ थकबाकी भरावी लागते. तीन हप्ते उसनवारीने उभे करणे कामगाराला जमू शकते. १५ हजार डॉलर उभे करणे जमत नाही. देशातील बहुतेक राज्यांत मात्र अशी नोटीस द्यावीच लागत नाही, आणि तेथील ऋणकोला आपली मोटार गेल्याचे कळते ते सकाळी कामावर निघताना.