घराचा ताप मोजून पाहा

२८ एप्रिल २०१९ रोजी पुण्यात शिवाजीनगर येथे ४३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. परंतु पुण्याचा उन्हाळा कोरडा. सूर्य मावळला की बाहेरची हवा भराभर निवते. मग गच्चीखालची खोली रात्री १० वाजताही तापलेली का असते? कूलर विकत आणण्यापूर्वी घराची तपासणी करा. औषधाआधी निदान हवेच!

प्रयोगशाळेतले तीन साधे तापमापक घ्या. एक बाहेर सावलीत टांगा. मोठ्यांच्या मदतीने दुसरा छताला व तिसरा पश्चिमेच्या भिंतीला आतून चिकटवा. या दोहोंचे फुगे पृष्ठभागाला टेकवून वर कापूस लावा, म्हणजे खोलीतल्या हवेचा परिणाम कमी होईल. दर दोन तासांनी नोंदी घेऊन आलेख काढा.

बाहेरचे तापमान दुपारी ३ च्या सुमारास सर्वाधिक असते. छताचे मात्र त्यानंतर काही तासांनी. कारण काँक्रीट उष्णता साठवते आणि ती स्लॅबमधून आत पोहोचायला वेळ लागतो. भिंतीपेक्षा छत अधिक तापले, तर उष्णतेची मुख्य वाट तीच. गच्चीला चुन्याची सफेदी द्या. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परतवतो.

रात्री खिडकीशी उदबत्ती धरा. धूर सरळ वर गेला, तर वारा खेळत नाही. समोरची खिडकी उघडून पुन्हा पाहा.

सफेदीनंतर तशाच कडक उन्हाच्या दिवशी पुन्हा नोंदी घ्या. आलेख खाली आला, तर निदान बरोबर. नाही आला, तर उष्णतेची दुसरी वाट शोधा!