शाराकूची नटचित्रे

जपानमधील टोकियो शहरास १८६८ पूर्वी एडो असे नाव होते. या नगरीतील व्यापाऱ्यांना व कारागिरांना काबुकी नाटकांचे विलक्षण वेड होते. काबुकीतील नट ऐन रंगलेल्या प्रसंगी एकाएकी थबकतो, मान झटकतो, डोळे तिरळे करतो आणि क्षणभर पुतळ्यासारखा निश्चल राहतो. या पवित्र्यास ‘मिए’ म्हणतात. असे क्षण प्रेक्षकांना घरी नेता यावेत म्हणून नटांची छापील चित्रे दुकानांतून विकली जात. सामान्य माणसालाही ती परवडत.

अशा चित्रावर नाव चित्रकाराचे असले, तरी ते अनेक हातांतून तयार होई. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करी. ते कागद उपडे करून चेरीच्या लाकडाच्या फळीवर चिकटवीत आणि कोरणारा कारागीर रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढी. मूळ रेखाटन अर्थातच त्यात नष्ट होई! मग प्रत्येक रंगासाठी निराळी फळी कोरावी लागे. छापणारा फळीला रंग लावून तीवर कागद ठेवी व पाठीमागून वेताच्या सालीसारख्या चिवट बांबूच्या आवरणाच्या चकतीने घाशी. रंग एकमेकांत घुसू नयेत म्हणून फळीच्या कडेला खुणा कोरलेल्या असत. या सर्वांचा खर्च प्रकाशक सोशी. म्हणून चित्र खपणे त्याला अगत्याचे असे.

साहजिकच बहुतेक चित्रकार नटाला त्याच्या चाहत्यांच्या आवडीप्रमाणे देखणा करून दाखवीत. १७९४ साली त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकाने एका अपरिचित चित्रकाराची २८ मोठी चित्रे प्रसिद्ध केली. त्याचे नाव तोशूसाई शाराकू. अभ्रकाच्या चकाकत्या काळसर पार्श्वभूमीवर नटांचे केवळ चेहरे व खांदे त्याने रेखाटले होते. तिसरा ओतानी ओनिजी हा नट एडोबेई नावाच्या दुष्ट सेवकाच्या भूमिकेत आहे. मान पुढे काढलेली, ओठ आवळलेले, आणि पैसे लुटण्यास निघालेले दोन्ही हात वस्त्रातून बाहेर येऊन बोटे ताणलेली! हे हात देहाच्या मानाने लहान आहेत; पण त्यामुळेच त्यांची अधीरता नजरेत भरते.

स्त्रियांना रंगभूमीवर येण्यास १६२९ पासून बंदी होती. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. इतर चित्रकार त्यांना सुंदर स्त्रिया म्हणूनच रंगवीत. शाराकूने मात्र केशभूषेखालचा पुरुषाचा रुंद जबडा आणि उतरते वयही लपविले नाही. नट आणि भूमिका ही दोन्ही एकाच चेहऱ्यात दिसत.

एडोच्या रसिकांना हे रुचले नसावे. ओता नाम्पो या समकालीन लेखकाच्या नोंदीचा आशय असा, की सत्य अतिरेकाने दाखविल्यामुळे शाराकू फार काळ टिकला नाही. सुमारे १० महिन्यांत १४० हून अधिक चित्रे काढून तो १७९५ मध्ये नाहीसा झाला. तो सैतो जूरोबेई नावाचा नोह नाटकांतील नट असावा, असे आज अनेक अभ्यासक मानतात.

१९१० साली युलिउस कुर्थ या जर्मन अभ्यासकाने त्याच्यावर ग्रंथ लिहिला आणि युरोपचे लक्ष या चित्रांकडे वळले. एडोबेईच्या चित्राच्या प्रती आता टोकियो व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत आहेत. उजेडाने रंग विटतात, म्हणून त्या थोडेच दिवस प्रदर्शनात मांडतात.