कंबरेचें जुनें दुखणें व हस्तचिकित्सा

खारघरच्या बहुतेक भातखाचरांवर आज सिडकोचें नगर उभें आहे. तथापि पनवेल तालुक्यांत ज्यांच्या घरीं अद्याप लावणी होते, त्यांस ओणव्या कामानें धरलेली कंबर सांगावयास नको. उसण भरली असतां पायाळू मनुष्याची लाथ खाण्याची चाल आपल्याकडे जुनीच. उसण बहुधा थोड्या दिवसांत आपोआप उतरते, आणि श्रेय लाथेस जातें! तीन महिन्यांहून अधिक टिकलेलें दुखणें मात्र असें हटत नाहीं.

अशा दुखण्यांत फिजिओथेरपिस्ट मणक्यांचे सांधे हातानें हळूहळू हालवितो, किंवा एकदाच झटकन दाब देतो. त्या वेळीं होणाऱ्या ‘कट्’ आवाजास हाड जागेवर बसलें असें समजतात. पण मणका मुळीं सरकलेलाच नसतो. सांध्यांतील द्रवांत वायूची पोकळी झाल्यानें तो आवाज येतो. या उपचारानें वेदना कांहीं काळ मंदावते व ताठलेले स्नायू सैल पडतात. त्या अवधींत व्यायाम सुरू केला तरच लाभ टिकण्याची आशा. नुसतें चोळून घेणें पुरत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालच्या मार्गदर्शिकेंत व्यायामाबरोबर मर्दन व मणक्यांच्या हस्तचिकित्सेसही स्थान दिलें आहे. कमरपट्टे नेहमीच्या उपचारांत वापरूं नयेत, असेंही तींत म्हटलें आहे. बाजारांत ते कितीही खपोत.

पायांतील बळ जाणें, लघवी अडणें, जांघेंत बधिरता येणें, ताप असणें, किंवा पडल्यावर दुखणें सुरू होणें, यांपैकीं कांहीं असल्यास पाठीस कोणाचाही हात लावूं देऊं नये. तडक रुग्णालय गांठावें.