ग्रंथपालाच्या भिंती

अजिंठ्याचा रॉबर्ट गिल मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. महानोरांच्या काव्याने आणि पुढे चित्रपटाने तो घरोघरी पोचला. गिलने वर्षानुवर्षं खपून केलेली चित्रं लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती आणि डिसेंबर 1866 च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. त्यामानाने मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टने त्याच लेण्यांत केलेलं काम मात्र फारसं सांगितलं जात नाही. 1865 मध्ये मुंबईत शिकवायला आलेला जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून 1885 पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात काम करत होता. पुढे नावारूपाला आलेला पेस्तनजी बोमनजी त्याच विद्यार्थ्यांतला. लेण्यांतल्या अंधुक उजेडात बसून या मुलांनी कॅनव्हासवर तैलरंगांत सुमारे तीनशे चित्रं केली. गिलच्या चित्रांचं काय झालं ते माहीत असूनही ही चित्रं पुन्हा लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात रवाना झाली. 1885 मध्ये तिथेही आग लागली. शंभराहून अधिक कॅनव्हास नष्ट झाले आणि उरलेले पुढे दशकानुदशकं गुंडाळलेल्या अवस्थेत पडून राहिले. मुंबईच्या मुलांच्या हातून झालेलं हे काम मुंबईत पुढच्या पिढ्यांना शिकायला मिळालं ते मुख्यतः 1896-97 मध्ये ग्रिफिथ्सने काढलेल्या दोन जाडजूड खंडांच्या रूपाने, म्हणजे छापील प्रतिकृतींतून.

कलामहाविद्यालयाच्या ग्रंथालयात मूळ चित्रं लावावीत की नाही हा प्रश्न निघाला की मला आधी हे कॅनव्हास आठवतात. चित्र मौल्यवान ठरलं की ते शिकणाऱ्यांपासून लांब, सुरक्षित जागी न्यायचं आणि शिकणाऱ्यांच्या हाती छापील पान द्यायचं, ही रीत त्या वेळेपासून आपल्या अंगवळणी पडली आहे. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. चित्रकला शिकवणाऱ्या संस्थेच्या ग्रंथालयात, विद्यार्थी रोज ज्या भिंतीखाली बसून वाचतात त्या भिंतीवर, मूळ चित्र असलंच पाहिजे. मी त्याला शोभेची वस्तू समजत नाही, अभ्यासाचं साधन म्हणूनच ते तिथे हवं. याचा सर्वांत भक्कम पुरावा मिळतो तो शांतिनिकेतनात, आणि त्यातही एका माणसाच्या कामात.

तो माणूस म्हणजे बिनोदबिहारी मुखर्जी. 1904 साली जन्मलेला हा चित्रकार जन्मापासूनच दृष्टीने अधू होता. एका डोळ्याने काहीच दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने फार जवळचं तेवढं दिसे. शांतिनिकेतनच्या कलाभवनात तो नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकला, तिथेच शिक्षक झाला आणि शिकवता शिकवता त्याने कलाभवनाच्या ग्रंथालयाची आणि संग्रहाचीही जबाबदारी सांभाळली. त्याच्यावर लिहिणारे ही गोष्ट एका ओळीत उरकतात. मला मात्र ती फार महत्त्वाची वाटते. पुस्तकं डोळ्यांना भिडवून वाचणारा, चिनी-जपानी गुंडाळीचित्रं उलगडत बघणारा हा ग्रंथपाल पुढे ज्या भिंती रंगवतो, त्यांची रचना गुंडाळीसारखीच आहे. त्या एका जागी उभं राहून संपत नाहीत, त्यांच्या बाजूने चालत जावं लागतं.

कलाभवनाची सुरुवात 1919 ची. काही काळ कलाभवनाचे वर्ग ग्रंथालयाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भरत. त्याच इमारतीच्या व्हरांड्यातल्या भिंती नंदलालबाबूंनी जयपूरच्या नरसिंगलाल मिस्त्रींकडून तिकडची ओल्या गिलाव्यावरची पद्धत शिकून घेऊन विद्यार्थ्यांसह रंगवल्या. या कामामागे अजिंठाच होता. 1909 च्या हिवाळ्यात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम अजिंठ्याच्या नकला करायला आल्या, तेव्हा कलकत्त्याहून त्यांच्या मदतीला गेलेल्या तरुणांत नंदलाल होते. 1921 मध्ये ते बाघच्या लेण्यांत गेले, तेही नकलांसाठीच. याच हेरिंगहॅमबाईंनी चेन्नीनो चेन्नीनी या जुन्या इटालियन चित्रकाराचा तंत्रग्रंथ इंग्रजीत आणला होता. गिलावा कसा करावा, रंग कसा कालवावा हे असले ग्रंथ तपशिलाने सांगतात. पण गिलावा नेमका कधी रंग धरू लागतो आणि कधी धरेनासा होतो, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. नंदलालबाबूंना हे कळलं होतं. पुस्तकं जिथे ठेवली होती त्याच इमारतीच्या भिंतीवर त्यांनी मिस्त्रीच्या हातचं ज्ञान आणून बसवलं.

इथे कुणी विचारेल की अजिंठ्याच्या नकला मुंबईकरांनीही केल्या आणि बंगाल्यांनीही, आणि हेरिंगहॅमबाईंचा संचही शेवटी लंडनलाच छापला गेला, मग फरक तो काय? फरक परतल्यावर काय घडलं यात आहे. नंदलाल जे शिकून आले ते त्यांनी रोजच्या वावरातल्या भिंतींवर उतरवलं, 1930 मध्ये श्रीनिकेतनात, पुढे शांतिनिकेतनात आणि नंतर बडोद्याच्या कीर्तिमंदिरात. मुंबईने 1872 ते 1885 या काळात जे कमावलं, त्यातलं रंगवलेलं सारं जहाजावर चढलं. जे.जे.मध्ये भित्तिचित्रांचे स्वतंत्र वर्ग पहिल्या महायुद्धानंतर ग्लॅडस्टन सॉलोमनच्या काळात सुरू झाले. मधली तीन-साडेतीन दशकं गेली ती गेलीच.

बिनोदबिहारींनी 1940 मध्ये कलाभवनाच्या वसतिगृहातलं छत रंगवलं. मध्ये एक तळं आणि त्याच्या चहूबाजूंनी बीरभूमचं गाव. झाडं, गुरं, माणसं सगळी तळ्याभोवती फिरल्यासारखी मांडलेली, त्यामुळे या चित्राला वरची आणि खालची अशी एकच बाजू नाही. खाटेवर आडवं झालेल्या मुलाने कुठल्या कुशीवरून पाहिलं यावर त्याला कुठलं गाव दिसणार ते ठरतं. त्याच वर्षी सत्यजित राय नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा कलाभवनात दाखल झाला. या छताने आपल्याला कसं खिळवून टाकलं हे त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. याच मुलाने कलाभवनाच्या ग्रंथालयात पॉल रोथा, आर्नहाइम यांची चित्रपटावरची पुस्तकं वाचली आणि सिनेमाच्या शास्त्राशी त्याची पहिली ओळख झाली. शांतिनिकेतनात असतानाच तो अजिंठा-वेरूळही पाहून आला. मी या तीन गोष्टी मुद्दाम शेजारी ठेवते आहे. राय यांची दृष्टी छतामुळे घडली की पुस्तकांमुळे, असला वाद घालण्यात अर्थ नाही. एकाच संस्थेत पुस्तकं आणि मूळ चित्र दोन्ही हाताशी होती आणि एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही, एवढंच मला दाखवायचं आहे. आपल्या या शिक्षकावर राय यांनी 1972 मध्ये माहितीपट केला, ‘द इनर आय’. विद्यार्थ्याने शिक्षकाचं ऋण इतक्या नेमकेपणाने फेडल्याची उदाहरणं थोडी आहेत.

पण बिनोदबिहारींचं सर्वांत मोठं काम शांतिनिकेतनच्याच हिंदी भवनात आहे. 1946-47 मध्ये तिथल्या दालनाच्या तीन भिंतींच्या वरच्या भागावर त्यांनी मध्ययुगीन संतांचं चित्र केलं, लांबी सुमारे 77 फूट. हिंदी भवनाचे प्रमुख हजारीप्रसाद द्विवेदी होते आणि कबीरावरचा त्यांचा ग्रंथ 1942 चा. क्षितिमोहन सेन त्याच आवारात संतांच्या वाणीवर आयुष्यभर काम करत होते. म्हणजे या भिंतीचा विषय तिथल्या वाचनातूनच आला. मात्र चित्र त्या पुस्तकांची सजावट होऊन बसलं नाही. मागावर बसलेला कबीर तिथे कुठल्या चौकटीत एकटा पडलेला नाही. गल्लीतली माणसं, बाजार, घाट यांच्या गर्दीतून नजर सरकते तेव्हा तो भेटतो आणि मागे पडतो. पुढे तुलसीदास, सूरदास, गुरू गोविंदसिंग. नदी वाहावी तशी माणसांची रांग तिन्ही भिंतींवरून जाते. उंच आकृतींमध्ये छोट्या आकृती खोचलेल्या, त्यामुळे दुरून लय दिसते आणि जवळ गेल्यावर चेहरे. हे सगळं ओल्या गिलाव्यावर, भिंतीच्या मापाचं रेखाटन आधी न करता, छोट्या कच्च्या चित्रांच्या आधाराने केलेलं. ज्या माणसाला भिंत एका नजरेत कधी पूर्ण दिसलीच नसेल त्याने ती मनात पूर्ण धरली होती.

या कामात त्यांच्या हाताखाली विद्यार्थी होते, आणि त्यांत के. जी. सुब्रमण्यन होते. 1950 च्या दशकापासून बडोद्याच्या कलाशाखेत सुब्रमण्यन यांनी कित्येक पिढ्या शिकवल्या. गुजरातेत आणि महाराष्ट्रात काम करणाऱ्या आजच्या अनेक चित्रकारांचं शिक्षण त्या वाटेने हिंदी भवनाच्या भिंतीपर्यंत मागे नेता येतं. सुब्रमण्यन यांनी स्वतः भित्तिचित्रं केली, भाजलेल्या मातीतही केली. छापील पानावरून हा वारसा असा हातून हातात गेला असता असं मला वाटत नाही. पानावर त्या भिंतीची लांबी वीतभर होते, गिलाव्याचे दिवसागणिकचे सांधे पुसले जातात आणि पाहणाऱ्याला चालावं लागत नाही.

यावरचा खरा वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे. वाचनालयात खिडक्या असतात, दमट हवा असते, गर्दी असते. मुंबईचा पावसाळा कागदाचं काय करतो ते सांगायला नको. शिवाय विद्येची संस्था म्हणजे चित्राला अभय, असंही नाही. जपानी चित्रकारांनी केलेल्या अजिंठ्याच्या नकला तोक्योच्या विद्यापीठात होत्या आणि 1923 च्या भूकंपात त्या नष्ट झाल्या. हे सगळं मला मान्य आहे. पण सिडनहॅमला आणि साउथ केन्सिंग्टनला जे जळालं ते सुरक्षित समजलेल्या जागीच जळालं. धोका दोन्हीकडे आहे. मग निर्णय करताना दुसऱ्या पारड्यात काय पडतं ते पाहायला हवं, आणि तिथे संग्रहालयाच्या गोदामात गुंडाळून पडलेल्या कॅनव्हासकडे दाखवायला काहीच नाही. त्यांच्याकडे पाहून एकही विद्यार्थी घडला नाही. जलरंगासारख्या नाजूक कामांसाठी 50 लक्सपर्यंतच उजेड ठेवावा हा संग्रहालयांतला प्रघात वाचनालयाच्या एका कोपऱ्यात पाळता येतो. चित्रं दर तीन-चार महिन्यांनी बदलता येतात. तैलचित्रं आणि छापचित्रं तर याहून सोशीक.

दुसरा आक्षेप असा की रोज दिसणारं चित्र दिसेनासं होतं, डोळे सरावतात. हा आक्षेप चित्रकलेचा अभ्यास काय असतो हे विसरून केलेला आहे. प्रदर्शनात आपण चित्र पाहतो ते उभ्या उभ्या, घाईने. सरावलेल्या डोळ्यालाच एखाद्या दिवशी काठाशी राहिलेली पेन्सिलीची रेघ दिसते, आधी एका जागी काढून मग हलवलेला हात दिसतो. आपल्या कॅनव्हासवर अडलेला विद्यार्थी पुस्तकातून मान वर करतो त्या क्षणी भिंतीवरचं चित्र त्याच्या कामाचं होतं, आणि असे क्षण वेळापत्रक लावून येत नाहीत. त्यासाठी चित्र तिथे आधीपासून असावं लागतं. 1957 च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर बिनोदबिहारींची उरलीसुरली दृष्टीही गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रं केली, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कलाभवनाच्या एका भिंतीवर फरशीच्या तुकड्यांचं मोठं चित्र उभं केलं, आकार बोटांनी चाचपत, विद्यार्थ्यांना जागा सांगत. ही भिंतही विद्यार्थ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचीच.

जे.जे.च्या संग्रहात विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची शतकाहून जुनी कामं आहेत. त्यांच्यासाठी रीतसर संग्रहालय व्हावं ही मागणी रास्तच आहे. मात्र त्यातली दहा-बारा चित्रं पाळीपाळीने वाचनकक्षात यावीत, आणि कुठली यावीत हे ठरवण्याचा अधिकार ग्रंथपालाकडे असावा. भांडारपालाचं काम सांभाळण्याचं आणि अधिष्ठात्यांचं सह्या करण्याचं. विद्यार्थी या महिन्यात काय वाचतायत हे फक्त ग्रंथपालाला माहीत असतं. अजिंठ्यावरची पुस्तकं टेबलांवर फिरत असतील तर त्या आठवड्यात भिंतीवर पेस्तनजीच्या पिढीतल्या कुणाचं तरी काम लागावं, आणि छापचित्रांचा वर्ग सुरू झाला की ते उतरून तिथे छापचित्र चढावं. पुस्तकांच्या देवघेवीच्या वहीशेजारी चित्रांची एक वही ठेवली की एवढं जमतं, आणि कुठलं चित्र किती दिवस उजेडात होतं याची नोंदही तिच्यातच राहते.